कड्याखालचे ठोके

चैतीने धोंडीच्या हातातली ढोलाची टिपरी हिसकावून घेतली.

"वाजवू नको," ती आपल्या दिराला म्हणाली. "आपुनच गलका केला तर त्याचा आवाज कसा ऐकू येल?"

कड्याच्या काठावर जमलेले पाड्यावरचे लोक गप्प झाले. जव्हारच्या महाराजांचा दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ढवळू चुकलेल्या बैलाला शोधायला रानात शिरला होता. बैल संध्याकाळी आपला आपण गोठ्यात आला. ढवळू आला नाही. तेव्हापासून भाऊबंद हाका मारत, ढोल बडवत रान पालथं घालत होते. पण मोखाड्याकडची ती दरी कुणाला दाद देत नव्हती. पुरुषभर वाढलेल्या गवतात हाताच्या अंतरावरचा माणूस दिसायचा नाही, आणि या कड्यावरून मारलेली हाक समोरच्या कड्यावरून परत यायची. काल अशाच एका आवाजामागे सगळे समोरचा डोंगर चढले होते. तो त्यांचाच आवाज निघाला.

पाड्याचा म्हातारा कारभारी सोम्या मटकन खाली बसला.

"पोरी, ओढ्यात बिबट्याचे माग दिसले मला. आता काय मिळायचं?"

"मिळेल ते मी उचलीन," चैती म्हणाली. तिने लुगड्याचा पदर कमरेला पुन्हा घट्ट खोचला.

मग एकेकाला तिने काठावर लांब लांब बसवलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. काही ऐकू आलं तर नुसता हात वर करायचा.

ऊन चढलं. दबकलेली पाखरं पुन्हा बोलू लागली. कितीतरी वेळाने टोकाला बसलेल्या धोंडीचा हात वर गेला. सगळे त्याच्या बाजूला सरकले, पुन्हा बसले, पुन्हा कान लावले. या वेळी सोम्याचा हात वर गेला. दगडावर दगड आपटल्याचा बारीक आवाज होता तो, दमून थांबत थांबत केलेला. तो थेट त्यांच्या पायांखालून येत होता.

वेलींना धरून ते उतरले. कड्याच्या पोटात एक कपार होती आणि तिच्या तोंडाशी विझत आलेली शेकोटी. हातातला दगड टाकून ढवळू उठला. ओठ फुटलेले, ओ देऊन देऊन आवाज बसलेला, डोळे जागरणाने लाल; पण तो आपल्या पायांनी चालत पुढे आला. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

चैती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुला चालता येतं?"

"येतं."

"वाट ठावी हाय?"

"हाय."

"मग घरी का नाय आलास?" तिचा हात उगारला गेला.

ढवळू बाजूला झाला. मागे पाचोळ्यावर एक परका माणूस पडला होता. त्याच्या मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. उशाला बांगड्यांचं गाठोडं, निम्म्या बांगड्या फुटलेल्या. शेजारी पानाच्या द्रोणात पाणी.

"कासार हाय. जव्हारचा बाजार करून जवळच्या वाटेनं मोखाड्याला निघाला, कड्यावरून घसरला. बैल शोधताना ह्याचं कण्हणं आलं कानावर. सोडून आलो असतो तर बिबट्यानं नेला असता."

"नाव काय त्याचं?"

"शुद्धीत आला की पोरींची नावं घेतो. त्याचं इचारायचं राहिलं." ढवळूने शेकोटीत एक काटकी सारली. "हा दिवाळीपातूर फिरतीवर असतो, म्हणून घरी कुणाला इतक्यात फिकीर नाय. माझ्या मागं तू येशील, ठावं होतं. ह्याच्या मागं कोण येणार?"

चैतीचा हात खाली आला. सोम्या बांबू तोडायला गेला. धोंडीने झोळीसाठी खांद्यावरची घोंगडी काढली. चैतीने कासाराचं डोकं मांडीवर घेतलं आणि बरोबर आणलेल्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातली आंबील थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडू लागली.

"झोळी होईपातूर तू नीज," ती नवऱ्याला म्हणाली. "आता मी बसते."