मोहाखालची आग

पळसाच्या ओल्या डहाळीने नरसिंग जाळ झोडपत होता. शेजारी वनरक्षक पंचशीला तेच करत होती. वारा फिरला होता. आग डोंगर चढत होती, आणि वरच्या कपारीत अस्वलाची मादी होती, दोन पिलांसह. तिला खाली उतरायला नाल्याची एकच वाट होती.

आग कुणी लावली हे नरसिंगला ठाऊक होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती वेचायला दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करायची. त्याच्या आईनेही तेच केलं होतं. वनमजूर म्हणून बावीस वर्षं तो गावाला हे करू नका म्हणून सांगत आला. आज सकाळी त्याने स्वतःच काडी ओढली, आणि आग विझली असं समजून घरी गेला.

नाल्याच्या तोंडाशी गावातली माणसं अस्वलाला हुसकायला डबे बडवत होती. पंचशीलाने त्यांना गप्प करून वर बोलावलं. नाला मोकळा राहिला तर जनावर आपणहून उतरेल, असा तिचा अंदाज होता.

"नरसिंगमामा, आग लावनाऱ्याला तुमी धरनारच," गावातला संगप्पा झोडपता झोडपता म्हणाला. "तुमच्या नजरंतून कोन सुटतंय?"

लोक हसले. पंचशीलाने नरसिंगला बाजूला घेऊन विचारलं, आग एवढीच आहे ना?

नाल्याच्या वळणावर त्याचं मोहाचं दुसरं झाड होतं. तिथलाही पाला त्याने सकाळी जाळला होता आणि विझला असं समजून तसाच सोडला होता. गप्प राहिला असता तर नोकरी राहिली असती.

"वळणावर अजून एक हाय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्याच लावली, म्याडम."

ती धावत सुटली. तोही मागोमाग धावला.

वळणावर जाळ वाटेपर्यंत आला होता. दोघांनी तो कसाबसा झोडपून विझवला, वाळू ओढली आणि खडकामागे दबून बसले. बऱ्याच वेळाने मादी उतरली. पिलं पाठीवर, केसांना घट्ट धरून. गरम राखेपाशी ती थबकली, हवा हुंगली, पंजे उचलत पलीकडे गेली आणि बांबूत दिसेनाशी झाली.

दुपारी पंचशीलाने पंचनामा लिहायला घेतला. 'अज्ञात इसमाने' इथे तिचं पेन थांबलं.

"काका, असंच राहू देऊ?"

"न्हाई. खोडा ते. माजं नाव लिवा, पुरं."

तिने खोडलं. लिहिलं. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून नरसिंगने तो एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा उमटवला. अंगठ्याला काजळी एवढी होती की शाईची गरजच पडली नाही.