अंगात कसर

“बॉयलर चालूच ठेवायचा,” सीए म्हणाला. “सहा दिवसांत माल द्यायचाय. तपासणीत चार दिवस घालवले तर ऑर्डर गेली बोंबलत.”

अर्ध्या वर्गानं बाकं वाजवली. आमच्या बिझनेस स्कूलमध्ये नावापेक्षा आधीची नोकरी चालते. म्हणून तो सीए, त्याच्या शेजारचा फौजी, आणि विमा कंपनीत चार वर्षं दावे तपासून आलेली मी विमा. शिकवणंही उफराटं. धडा नसतो, केस असते. एखाद्या खऱ्या कंपनीची गोष्ट नावं बदलून बारा पानांत लिहितात आणि ऐन निर्णयाच्या आदल्या संध्याकाळी थांबवतात. पुढे काय करायचं ते आम्ही सांगायचं. रोज दोन कंपन्या तारायच्या नाहीतर बुडवायच्या, आणि मग जेवायला जायचं.

ही केस काल खोलीवर वाचताना नवव्या पानावर मी थबकले. कंपनीचं नाव बदललेलं, गाव बदललेलं. पण त्यात एक फिटर होता. बॉयलरच्या कवचाला हाताची मागची बाजू टेकवून तो मॅनेजरला म्हणतो, ‘साहेब, याच्या अंगात कसर आहे.’

हे वाक्य माझ्या बाबांचं. यंत्राबद्दल असं बोलणारा दुसरा माणूस जगात असेलही, मला तो भेटलेला नाही. मी आठ वर्षांची असताना एका बुधवारी ते कामावर गेले आणि बॉयलर फुटला. केस मंगळवारी संध्याकाळी संपते. म्हणजे त्या बारा पानांत बाबा जिवंत होते.

मला कळतो माझा वेडेपणा. तरी सकाळपासून डोक्यात एकच घोळत होतं: वर्गाचं मतदान ‘बंद करा’कडे झुकलं, तर बाबा उद्या घरी येतील.

“फिटर काय म्हणतोय?” सरांनी विचारलं.

“तोही तेच म्हणतोय ना सर,” सीए म्हणाला. “कसर म्हणजे तूट. मॅनेजरनंही नोंद केलीय, कार्यक्षमतेत किंचित तूट. दोन टक्के धरू. चालतंय की तेवढं.”

“कसर म्हणजे ताप,” मी म्हणाले.

साठ माना माझ्याकडे वळल्या. वर्षभरात मी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते.

“तुमच्या घरी म्हणत नाहीत का? पोराच्या कपाळाला हात लावून? अजून ताप भरलेला नाही, पण भरणार आहे. तो टक्केवारी सांगत नाहीये रे. तो म्हणतोय, आज याला निजू द्या.”

कुणी हसलं नाही. भर सकाळी, एसी चालू असताना वर्ग तापायला लागला. फौजीनं कॉलरचं बटण काढलं. “आमची आजी म्हणायची असं,” तो हळूच म्हणाला. मागच्या भिंतीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मला वाटलं मलाच येतोय, पण सीएनंही मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

“एसीचा असेल,” सर म्हणाले आणि घाईघाईनं मतं मोजायला लागले.

बंद करा, एकेचाळीस. चालू ठेवा, एकोणीस.

आवाज थांबला. सर खडू हातात धरून आकड्यांकडे बघत राहिले. “सतरा वर्षं ही केस शिकवतोय,” ते म्हणाले. “बंद करा पहिल्यांदाच आलं.” मग त्यांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

व्हरांड्यात आले तोच आईचा फोन.

“वर्गात आहेस का गं?”

“नाही. काय झालं?”

“काही नाही. आत्ता दारात कुणी पाय पुसले. मी आपली बसल्या जागेवरून, ‘आलात का?’ म्हणून मोकळी झाले. मग जीभ चावली.”

“दार उघडलंस?”

“उघडलं की. कुणी नव्हतं. पायपुसणं तेवढं वाकडं झालं होतं.”

“राहू दे तसंच,” म्हणून मी फोन ठेवला.

सुट्टीनंतर सरांनी दुसरा कागद वाटला. खरं काय घडलं ते त्यात असतं. अर्धंच पान: ‘बॉयलर चालू ठेवण्यात आला. बुधवारी सकाळी ९.१० वाजता स्फोट झाला. तीन कामगार दगावले. ऑर्डर अकरा दिवस उशिरा रवाना झाली.’

सीएनं कागद उलटा ठेवला. माझ्याकडे बघायचं धाडस त्याला होईना, आणि मी कोण ते तर त्याला ठाऊकही नव्हतं. माझे डोळे मात्र ‘तीन’वर अडकले. एकोणीस वर्षं मी एकट्या बाबांना परत बोलावत होते. उरलेल्या दोघांची मी कधी चौकशीही केली नव्हती. लाज वाटली.

बाहेर जाऊन आईला फोन लावला. “आई, बाबांबरोबर आणखी दोघं कोण होते गं?”

आई क्षणभरही अडखळली नाही. आडनावांसकट दोघांची नावं सांगितली, आणि एकाची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती, तेही.

परत आले तेव्हा सर कागद गोळा करत होते. पुढच्या वर्गाला हेच वाटतात. ‘तीन कामगार’ या शब्दांपुढे मी पेनानं तिन्ही नावं लिहिली, बाबांचं शेवटी, आणि कागद दिला. सरांनी तो वाचला, मग माझं आडनाव आठवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. नवी कोरी प्रत काढायला सांगतील असं वाटलं. त्यांनी कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला आणि रबर लावलं.