आईचा घास

उल्कानं चमचा खाली ठेवला. "बाबा, पोट भरलं."

आत्मारामनं वाकून पाहिलं. ताटलीत निम्मा वरणभात तसाच होता.

त्याची बायको स्नेहलता हेच म्हणायची. जर्मनीत कार्ल्सरूहेला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ती चार घास खाऊन हात धुवायला उठायची. "अहो, पोट भरलं माझं." त्याला वाटायचं, इथली हवा मानवत नसेल. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पोटातली गाठ हाताला लागत होती. १९५९च्या उन्हाळ्यात ती गेली. त्याला आता दहा महिने झाले होते. आत्माराम दाबके आणि पाच वर्षांची उल्का फ्राऊ केलर या म्हाताऱ्या जर्मन बाईच्या घरात वरच्या खोलीत राहत. तो पीएचडीच्या कामाला गेला की पोरीला घरमालकीण सांभाळे.

"दोनच घास," असं म्हणून त्यानं भात कालवला. "हा घास आजीचा."

तिनं खाल्ला.

"हा मामाचा."

तिनं मान फिरवली. "इश बिन सट, बाबा." म्हणजे पोट भरलं. अगदी मनातलं बोलायचं झालं की हल्ली ती जर्मनवर जायची.

"मग हा आईचा."

या घासाला ती कधीच नाही म्हणत नसे. डोळे गच्च मिटून तोंड उघडायची. आत्मारामला हे कळलं होतं, आणि त्या दिवशी त्यानं आईचे सहा घास केले. सहावा तिनं गालात धरून ठेवला. तिचं कपाळ घामानं भिजलं, आणि खाल्लेलं सगळं बाहेर आलं.

हिलाही तेच झालं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पोरीला उचलून तो जिना उतरला.

"फ्राऊ केलर! डॉक्टर!"

फ्राऊ केलरनं उल्काचं तोंड पुसलं, कपाळाला हात लावला, पोट चाचपलं. "ताप नाही. काय चारलंत हिला?"

"ताटलीभर भात."

"चार वाजता माझ्याकडे केकचे दोन तुकडे खाल्लेत हिनं! मुलगी आहे की बटाट्याचं पोतं, हेर दाबके? युद्धानंतर, सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात मी बटाट्याच्या साली खाल्ल्या आहेत. भूक काय असते ते मला कळतं. हिला भूक नव्हती."

"हिची आईसुद्धा अशीच..."

म्हातारीचा आवाज उतरला. "तिची आई वाळत गेली. मी पाहिलंय. ही दिवसभर माझ्या जिन्यावर धडधडत असते. पुन्हा उलटी झाली तर डॉक्टरला मीच बोलावीन. आता बसा."

तो खुर्चीत बसला. उल्का त्याच्या मांडीवर आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईचा घास सांडला. आता आई परत मरेल?"

त्यानं तिला जवळ घेतलं. एवढे महिने आपण पोरीला काय चारत होतो?

"नाही गं. आईला त्यानं काही होत नाही. मी लबाडी करत होतो."

"मग पोट भरलं की थांबू?"

"तुला कसं कळतं भरलं ते?"

उल्कानं विचार केला. "आधी भात छान लागतो. मग नुसता भात लागतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठव्या घासाला तिनं चमचा ठेवला. "आता नुसता भात लागतोय."

'हा घास' एवढं आत्मारामच्या ओठांवर आलंच होतं. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली आणि होकारार्थी मान हलवली. उल्का धावत खाली गेली. तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत त्यानं कड सोडली नाही.

सकाळी तो दाढी करत होता.

"बाबा, भूक लागली!"

त्याच्या हातातला वस्तरा थांबला. त्यानं घाईनं पाव कापला, वर जॅम लावला. तिनं दोन तुकडे संपवले आणि तिसरा मागितला. तो अर्धा झाल्यावर तिनं उरलेला त्याच्यापुढे धरला.

"हा घास बाबांचा. पण भूक असेल तरच हं."

आत्माराम पावाकडे बघत राहिला. काल दुपारपासून आपल्या पोटात काहीच गेलेलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

"आहे," तो म्हणाला, आणि त्यानं तोंड उघडलं.