सुनेच्या नावाची पुडी

"पाहा, पाहा! चुडेल उतरून राह्यली!"

महाराजांच्या चेल्यानं काचेची बाटली उन्हात धरली, तशी पिंपळाखालची गर्दी पुढं रेटली. बाटलीत बबनरावांच्या सुनेची, विमलची लघवी होती. रंग असा, की कुणी हळद कालवली असं वाटावं. सोवळ्याओवळ्यावरून दिवसभर भांडणाऱ्या बायांनी त्या बाटलीला हात जोडले.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता तो. मानोऱ्याजवळच्या त्या गावात विहिरी आटल्या होत्या, रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची आणि सारा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. त्याच उन्हात पाच-सहा बायांच्या गळ्याभोवती काळसर, सोलवटलेला पट्टा उठला. हातापायांची कातडी पोळल्यासारखी झाली. मग जुलाब, मग झोप उडाली, मग बडबड. हळदे महाराज नेमके तेव्हाच गावात उतरले.

"चुडेलीनं फास टाकला गळ्यात," महाराज सांगत. "मी तिले हळदीवानी बाहेर काढतो. माह्यापुढं ती लघवीच्या वाटेनं पळते!"

त्यांचा नियम सोपा होता. दवाखान्याचं जे काही घरात असेल ते आधी त्यांच्या पायाशी टाकायचं, कारण अंगाऱ्याला इंग्रजी औषधाचा विटाळ चालत नसे. मग बोकड द्यायचा. बोकड दिला की अंगारा मिळे. बोकड न देणाऱ्याच्या रोग्याला एकवीस दिवस नुसती कोरडी भाकर, मीठसुद्धा नाही.

मानोऱ्याच्या नर्सबाईनं दिलेली गोळ्यांची पुडी गोजराबाईनं न उघडताच महाराजांच्या पायाशी टाकली. गळ्यात तोच पट्टा उठलेली तिची मोठी सून भागिरथा शेजारी बसून स्वतःशीच हसत होती.

"बोकड हाये ना वं तुह्या दारात?" बबनरावांच्या बायकोनं विचारलं.

"हाये. पण तो पोरीच्या बाळंतपणाले ठेवला. सुनेपायी कापू काय? सून दुसरी बी आणता येते."

बाया हसल्या. गोजराबाईही हसली.

मग कोरडी भाकर सुरू झाली. गोजराबाई समोर बसून सुनेला ती खायला लावायची. धाकटी सून रुख्मिणी हिनं एकदा भाकरीखाली चमचाभर वरण लपवलं, तर तिचं मनगट चुलीतल्या लाकडानं पोळलं. नवव्या दिवशी भागिरथेनं सासूचा पदर धरला.

"माय," ती म्हणाली, "मले घरी ने वं. इथं पोटाले देत नाहीत."

गोजराबाईनं तिच्या तोंडात मारली. "चुडेल गोड बोलून राह्यली," तिनं शेजारणींना सांगितलं.

तिकडं बबनरावांनी बोकड दिला होता, त्यांची विमल मात्र अंगारा खाऊन उठली आणि पाणी भरायला लागली होती. महाराजांचं नाव कारंज्यापर्यंत गेलं.

बाराव्या दिवशी मानोऱ्याहून रंगूबाई नर्स आली. भागिरथेला ओसरीवर पडलेली पाहून तिनं पिशवी खाली टाकली.

"गोळ्या देल्या होत्या मी. पुडीवर हिचं नाव लिहून देल्ती. कुठं हायेत?"

"महाराजाच्या पायाशी टाकल्या."

"घरात आधी कोण जेवते?"

"माणसं. मंग मी. मंग सुना."

"अन् सुनेले काय उरते?"

"भाकर उरते ना. वरण माणसाइले नको काय? ते खडी फोडतात."

"ही बी फोडते ना!" रंगूबाई ओरडली. "ह्या गावात चुडेल सुनाइलेच काहून धरते वं? एक बी सासू काहून नाही सापडली तिले?"

गोजराबाईला राग आला.

रंगूबाईनं भागिरथेला बैलगाडीत घालून कारंज्याच्या दवाखान्यात धाडलं आणि स्वतः तडक पिंपळाखाली गेली. गोजराबाई मागोमाग निघाली, नर्सबाईची फजिती पाहायला.

महाराजांनी विमलला दिलेल्या अंगाऱ्याची चिमूट रंगूबाईनं हुंगली आणि जिभेवर ठेवली. हाच वास तिच्या औषधांच्या पिशवीला रोज यायचा. ती सरपंच उकंडरावांकडं वळली.

"भाऊ, तुमाले चुडेल लागली काय?"

"एक हाये, पण ती घरी हाये," उकंडराव म्हणाले. लोक खो खो हसले.

तिनं सगळ्यांसमोर त्यांना आपल्याकडच्या तीन गोळ्या गिळायला लावल्या. दोन-तीन तासांनी सरपंच शाळेच्या भिंतीमागून बाटली घेऊन, मान खाली घालून आले. बाटली हळदीवानी पिवळी!

"करणी केली बाईनं!" महाराज ओरडले. उकंडरावांनी त्यांना बाजूला सारून त्यांची गादी उचलली. खाली खलबत्ता, त्यात पिवळी भुकटी आणि फाडलेल्या पुड्या.

"ह्या ताकदीच्या गोळ्या, ब जीवनसत्त्वाच्या," रंगूबाई म्हणाली. "लघवी पिवळी त्याच्यानंच होते. नुसत्या ज्वारीवर माणूस ठेवलं, की अंगात हे जीवनसत्त्व उरत नाही. उन्हात कातडी जळते, गळ्यात पट्टा उठते, मंग डोकं जाते. तुमी टाकलेल्या गोळ्याच यानं कुटल्या, अन् अंगाऱ्यात कालवून बोकड देणाराइले वाटल्या."

तिनं एकेक पुडी उचलून नाव वाचलं. चौथी भागिरथेची होती. रिकामी.

गोजराबाईनं तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. "यात तिचं नाव कोणतं?" तिनं विचारलं. रंगूबाईनं अक्षरांवर बोट ठेवलं.

बैलगाडी कारंज्याला पोचलीच नाही. दिवस कलायच्या आत अर्ध्या वाटेवरून परत आली. महाराजांना लोकांनी झोडपलं, फौजदाराच्या हवाली केलं. त्यानं भागिरथा उठली नाही. ती चोवीस वर्षांची होती.

तेरवीनंतर गोजराबाईनं रुख्मिणीचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं. वरण, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दूध.

"जेव वं."

रुख्मिणीनं घासाला हात लावला नाही. ती सासूच्या हाताकडं बघत राहिली, आता हा हात कुठं पडतो म्हणून. तिच्या मनगटावरची पोळल्याची जखम अजून ओली होती.

गावात कुजबुज झाली, "गोजराबाईले चुडेल लागली. सुनेले आधी वाढते!"

बायांनो, सासवांनो, चुडेल कुठं असते ते शोधायला कुण्या महाराजाकडं जाऊ नका. आज तुमच्या घरात शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात काय होतं, तेवढं पाहा. आणि दवाखान्यातून पुडी आली, तर तिच्यावरचं नाव वाचून ज्याची त्याला द्या.