पाच वाजायच्या आत

बोट धक्क्याला नीट लागलीसुद्धा नव्हती, आणि हे उतरणाऱ्यांच्या रांगेत पहिले. हातात शिक्क्यांची वही. मी म्हटलं, अहो, पन्नास मिनिटं थांबणार आहे बोट, जरा बसून बोलू या का? तर म्हणाले, आलोच, गर्दी व्हायच्या आत जाऊन येतो. गर्दी कसली? बोटीवर सगळी मिळून तीस माणसं, त्यांतली वीस सत्तरीच्या पुढची. ती काय धावत येणार होती?

हे म्हणजे माझे यजमान, उल्हास कर्णिक. मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत नऊ वर्षं झाली त्यांना. आता मार्चमध्ये परत मुंबईला बदली. ऑफिसातल्या लोकांनी निरोपाची भेट म्हणून दोघांना ही सहल दिली. दोन दिवस, छोटी बोट, किनाऱ्याकिनाऱ्याने आठ बेटं. आणि जपानात जिथे जाल तिथे, स्टेशन म्हणू नका, बंदर म्हणू नका, एका टेबलावर रबरी शिक्का आणि शाईची पेटी ठेवलेली असते. लोक हौसेने आपापल्या वहीत उमटवून घेतात. ह्या सहलीत आठ बेटांचे आठ शिक्के जमवले की एक टॉवेल फुकट. टॉवेल! टोकियोत ओजिमा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत टॉवेल ठेवायला आधीच जागा नाही. आणि ज्या माणसाने तीस वर्षं बँकेत शिक्केच मारले, त्याला अजून हौस?

हौस नव्हतीच ती. मला काय कळत नाही?

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे. तिथे मी चार वर्षं अर्धवेळ जाते. आधी नुसत्या चादरी घडी करायचे. मग भरवणं आलं, मग आंघोळी घालणं. जपानी मी त्या आज्यांकडूनच शिकले. आमची मुलगी पूर्वी क्योतोला शिकते, ती म्हणते, आई, तू ऐंशी वर्षांच्या बाईसारखं बोलतेस. म्हणेना का. त्याच भाषेत मी कामाची सरकारी परीक्षा दिली आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. आता होमने कायम नोकरी देऊ केली आहे, व्हिसासुद्धा तेच करून देणार. आमच्या व्यवस्थापक निशी-सान म्हणाल्या होत्या, तीन आठवडे विचार करा, पण शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हो की नाही ते फोनवर सांगा. नाहीतर दुसरी बाई थांबली आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. पहिल्याच दिवशी ह्यांना सांगितलं, मला ती नोकरी हवी आहे. तुम्ही मुलुंडच्या फ्लॅटवर जा, मी इथे राहते, पुढचं पुढे. त्यावर हे म्हणाले, बघू. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, तेव्हाही बघू. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, घाई कशाला, बोटीवर निवांत बोलू.

हे ते निवांत.

पहिलं बेट लिंबांचं. सगळा डोंगर पिवळा, वास येतोय, बाक रिकामं. म्हटलं, आता बोलतील. तर ह्यांनी शिक्का उलटा मारला. मग नवीन वही शोधत चाळीस मिनिटं गावभर हिंडले आणि मी त्यांच्या मागे, कारण वही मागायची तर जपानीत मागायला हवी. नऊ वर्षांत ह्यांना आभार आणि माफ करा, एवढंच येतं. दुसऱ्या बेटावर सोयासॉसची पिंपं पाहायला गेले. तिसऱ्यावर शिक्का कुठल्याशा देवळात होता, दीडशे पायऱ्या वर. गुडघे दुखतात म्हणून ओजिमाच्या स्टेशनात लिफ्टसाठी ताटकळणारा हा माणूस दीडशे पायऱ्या चढला! रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला तर म्हणाले, लाटांमुळे मळमळतंय. ताटातल्या पाण्याइतका तो समुद्र शांत होता. नऊ वाजता घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी तर कहर. माझ्याशी एक शब्द नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त मास्तरांना विचारतात, नातवंडं किती? म्हणजे विचारतात माझ्याकरवी. मास्तरांची बायको काय शिवते, मास्तरांच्या गावी भात कधी लावतात, सगळं मी मराठीतून जपानीत आणि जपानीतून मराठीत करते आहे. माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून मलाच दुभाषी केलं ह्या गृहस्थाने. पालथ्या घड्यावर पाणी घालून घालून माझा हात दुखायला आला होता.

आठव्या बेटाला बोट लागली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी धक्क्यावरच्या दगडी बाकावर बसले. समोर छपराखाली शिक्क्याचं टेबल, तिथे आठ-दहा माणसं. हे शेवटी उभे. मी बघत होते. ह्यांचा नंबर जवळ आला, तसं ह्यांनी मागच्या आजीला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मैत्रिणीला. मग मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला. दोन्ही हातांनी या, या करत होते. पाचला वीस कमी.

तेव्हा मला राग यायचासुद्धा थांबला. मी फोन काढला.

निशी-साननी लगेच फोन उचलला. मी म्हटलं, हो, मी येते, सांभाळून घ्या. त्यांनी विचारलं, यजमानांची संमती आहे ना? मी म्हटलं, ते रांगेत उभे आहेत. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण हसल्या. मी उठून उभी राहिले आणि फोन कानाला लावूनच कमरेत वाकले. समोर कुणी नसलं तरी वाकायची आता सवय झाली आहे.

वळले तर हे मागे उभे. चार पावलांवर.

"सांगितलंस?"

"तुम्हाला कळलं?"

"वाकलीस ते बघितलं." मग म्हणाले, "पूर्वीसाठी राहतेयस ना?"

नातेवाइकांना सांगायला सोपं कारण शोधून दिलं मला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं ह्याचाच संताप आला.

"नाही. माझ्यासाठी," मी म्हटलं. "नागपूर, नाशिक, टोकियो, प्रत्येक वेळी तुमच्या मागे आले. प्रत्येक वेळी शाळेतली नोकरी सोडली. मला तेव्हा पाचपर्यंत मुदतसुद्धा कुणी दिली नव्हती. तीन आठवडे विचारतेय, एकदा तोंडाने नाही तरी म्हणायचं."

"नाही म्हणायचं नव्हतं," हे म्हणाले. "आणि हो तोंडातून निघेना."

बोटीची शिटी झाली. मास्तर वरून हात हलवून बोलवत होते. आम्ही चढलो आणि मागच्या डेकवर बसलो. बेट लांब जायला लागलं. हे पाण्याकडे बघत होते. आता पुन्हा कुणाची तरी नातवंडं मोजतील, असं मला वाटलं.

"जयंती, वरणाला शिट्ट्या किती?"

पंचवीस वर्षं दोन्ही वेळा वरण ओरपलं आणि हे आज विचारतात. जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. गिळलं. म्हटलं, चार. डाळ आधी अर्धा तास भिजवायची, हळद आणि हिंग तेव्हाच घालायचं.

त्यांनी मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"आणि एकट्यापुरती डाळ किती घ्यायची?"

मी हाताची ओंजळ केली, मग मूठ केली, मग परत उघडली. मला सांगता येईना. एकट्यापुरतं वरण मी कधी लावलंच नव्हतं.