सत्याहत्तर अक्षरांचा जळफळाट

मी एक जुना, लांबलचक पत्ता आहे. टपालाचा नव्हे, इंटरनेटवरचा. माझी अक्षरं सत्याहत्तर, मधल्या आडव्या रेघा वेगळ्या. तुम्ही मला फोनवर न चुकता लिहिलंत, तर सामोआच्या सावाई बेटावरच्या फालेटोआ गावात, बायकांच्या किरिकिटी संघाच्या वेबसाइटवर थेट पोचता. किरिकिटी म्हणजे आमचं क्रिकेट. बॅट तीनधारी, चेंडू रबराचा, आणि गडी बाद झाला की अख्खा संघ टाळ्या पिटत नाचतो.

मित्रांनो, लांब असणं हा काही माझा गुन्हा नाही. तुइलोमाकाका टेलिफोन कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी एका बोटाने टकटक करत ही वेबसाइट उभी केली. पत्ता ठरवायची वेळ आली, तेव्हा सगळं गाव त्यांच्या पाठीशी येऊन उभं राहिलं. कुणी म्हणालं गावाचं नाव घाला, कुणी म्हणालं बेटाचं. पाद्रीबाईंना ‘महिला’ हा शब्द हवाच होता. संघाचं नाव माटागी, म्हणजे वारा. ते तर घालायलाच हवं होतं. गावचे वक्ते फिलिपोआजोबा काठी आपटून म्हणाले, की संघाच्या स्थापनेचं सालही पाहिजे. काकांना कुणाला नाही म्हणता येत नाही. असा मी वाढत गेलो.

काकांनी मला नीरफणसाच्या फळीवर निळ्या रंगाने रंगवलं आणि आपल्या दुकानाच्या दारावर ठोकलं. फळी संपली, पण मी संपलो नाही. शेवटची अकरा अक्षरं त्यांनी कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर उतरवली. सहा वर्षं मी तिथेच आहे. समोर मैदान, खाली काकांचं बाकडं, आणि आत गल्ल्यावर त्यांची बायको आकेनेसेकाकू, म्हणजे माटागीची कप्तान.

काम मी मन लावून केलं. ऑकलंडला गेलेल्या बहिणींना गावातल्या बायका मला फोनवरून सांगत. “आडवी रेघ. अगं खालची नव्हे, मधली! कुठवर आलीस? बेटापर्यंत? हात्तिच्या, मग पुन्हा पहिल्यापासून लिही.” वेळ जायचा, पण लिहून झालं की दोघी समाधानाने हसायच्या. सामन्याची खबर माझ्याकडे वाचून चाळीस-पन्नास पाहुणे यायचे. काकू त्यांना पोटभर जेवू घालायच्या. आमच्याकडे तो नुसता शिष्टाचार नाही, खेळाचा नियमच आहे. यजमान गावाचं जेवण पाहुण्यांना कमी पडलं, की यजमान हरले. मग धावा कितीही असोत.

आणि मग ती आली.

काकांची पुतणी वाइओला राजधानीत शिकून गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून परतली. पहिल्याच आठवड्यात ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मान वळवत वळवत मला कोपऱ्यापर्यंत वाचून काढलं.

“काका, तुमचा पत्ता वाचेपर्यंत बस निघून जाते हो.”

“ज्याला यायचं असेल तो वाचेल,” काका म्हणाले.

“यायचं असतं हो. पण रेघेत चुकतात आणि कंटाळून सोडून देतात. मी एक आखूड लिंक करते. बोट लावलं की माणूस थेट तुमच्या वेबसाइटवरच येईल. आणि लिंकवर दुसऱ्या कुणाचं नाव नाही, आपल्या माटागीचंच.”

तिने ते केलंसुद्धा. संघाचं नाव, एक बारीकशी शेपटी, संपलं! ती लिंक बसच्या पाठीवर गेली, बॅटींवर गेली, बायकांच्या लुंग्यांच्या काठावर छापली गेली. चर्चमध्ये वारा घ्यायच्या पंख्यांवरही तीच. पोरं तिचं नाव ओरडत उड्या मारायची. माझं नाव ओरडायचं म्हणजे मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागतो.

खरं सांगतो, मला तिचा भयंकर मत्सर वाटला. कालची पोर ती! तिच्याकडे स्वतःचं काय होतं? ना निकाल, ना फोटो, ना सहा वर्षांच्या आठवणी. माणूस तिला बोट लावायचा आणि यायचा माझ्याच घरी. पण नाव मात्र तिचं. “लिंक किती छान आहे गं!” घर किती छान आहे असं कुणी म्हणेना.

माझ्याइतकाच जळणारा आणखी एक जण होता, तो माझ्या खालीच बाकड्यावर बसायचा. पाहुणा आला की काका सहज विचारल्यासारखं विचारत, “काय हो, आमचा पत्ता कुठे मिळाला?” पाहुणा म्हणे, “बसवर.” मग काका नारळ सोलायला घेत आणि गरज नसताना तीन-चार सोलून टाकत.

त्या वर्षी माटागी अंतिम सामन्यात पोचली. सामना आमच्याच मैदानावर, लेपाले गावाविरुद्ध. आकेनेसेकाकू एकोणीस वर्षं कप्तान होत्या आणि चषक एकदाही हाती लागला नव्हता. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कुरकुरत होता. “यंदा नाही तर कधीच नाही,” असं त्या स्वतःच म्हणत.

बुधवारी दुपारी वाइओला धावत आली. आखूड लिंकला किती जणांनी बोट लावलं, ते तिच्या फोनवर दिसतं.

“काकू, एकोणीसशे! एका दिवसात! पलीकडच्या बेटावरून बोटीने येणार आहेत लोक. दोन फेऱ्या आत्ताच भरल्यात!”

काकूंनी आनंदाने तिचा मुका घेतला. मग त्या गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या.

“एकोणीसशे नाही आले, निम्मे आले तरी...” त्या म्हणाल्या. “मी दोनशेंचं रांधणार होते. जमिनीतल्या भट्टीत तापवायचे दगड आहेत तेवढ्यांपुरतेच. अळकुड्या नाहीत तेवढ्या. अख्ख्या गावाची डुकरं कापली तरी पुरणार नाही.”

“मग काय होईल?”

“होईल काय? एकही चेंडू न टाकता हरू आपण. लेपालेची कप्तान, ती सुलुफाइगा, सगळ्यांत आधी आपल्याकडे बोट दाखवेल.”

मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा आसुरी आनंद झाला. घ्या आता! माझ्या वाटेने चाळीस यायचे आणि चाळिसांना पुरायचं. मिरवा अजून तिला बसवर!

काकाही तेच बोलून गेले. “माझ्या पत्त्याने कुणी उपाशी गेलं नव्हतं.”

“मग त्या पत्त्यालाच पाठव गोलंदाजी करायला!” काकू कडाडल्या. “म्हाताऱ्या, माझा चषक चाललाय, आणि तुला तुझ्या फळीचं पडलंय?”

वाइओलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “चूक माझी आहे. काका, तुम्ही म्हणाल तर लिंक आत्ता बंद करते. बोट लावलं तर काहीच उघडणार नाही. लोकांना वाटेल सामना रद्द झाला. येणार नाहीत.”

कर बंद! मी फळीवरून ओरडत होतो. पुसून टाक तिला! पण फळीचं कोण ऐकतं?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सहा महिने त्यांना जे हवं होतं, ते पुतणी ताटात वाढून देत होती. त्यांनी दाढी खाजवली, मैदानाकडे पाहिलं आणि मग गल्ल्यामागे बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षांनी हिचा अंतिम सामना, आणि बघायला मीच एकटा? फोन आण इकडे.”

“काय करताय?”

“हे बघ पोरी, सहा महिने मी तुझ्या त्या लिंकवर जळतोय. हो, जळतोय, हसू नकोस. जळणारा माणूस काय काय करतो ते आता मला पक्कं ठाऊक झालंय. तो सरळ सांगून ऐकत नाही. पण डिवचलंस, तर धावत येतो.”

मग त्यांनी वेबसाइटच्या पहिल्याच पानावर एका बोटाने लिहिलं: “शनिवारी सामन्याच्या मध्यंतरात बेटांवरच्या सगळ्यात चविष्ट पालुसामीचा निकाल लागेल. ते फालेटोआचंच आहे, हे सर्वांना माहीत आहे. इतर गावांची हिंमत असल्यास त्यांनी आपलं आणावं.”

पालुसामी म्हणजे अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध बांधून भाजलेली पुरचुंडी. आमच्या बेटांवर बाईला तिच्या सासूबद्दल बोललेलं चालतं, पालुसामीबद्दल नाही.

“काका, हे तर भांडण लावणं झालं!” वाइओला म्हणाली.

“भांडतील आणि भरभरून आणतील. पाहुण्याला ‘डबा घेऊन ये’ म्हणायला मला मरण येईल. मी तसं म्हटलंय का कुठे?”

आणि मग काय झालं सांगू? लोक बोट लावत होते तिलाच, त्या आखूड पोरीला. पण ती सगळ्यांना आणून सोडत होती माझ्या घरात, आणि तिथे काकांची ती सूचना वाचून प्रत्येक जण पेटत होता. गुरुवार-शुक्रवार दोन्ही बेटांवर अळूचं एक पान शिल्लक राहिलं नाही म्हणतात. मी एकटा असतो, तर ती पन्नास जणांनी वाचली असती. हे मला तेव्हाच कळलं होतं. फक्त कबूल करायला जड जात होतं.

शनिवारी माणसांचा पूर आला. बसच्या टपावर टोपल्या, डोक्यावर टोपल्या, बोटीतून उतरणाऱ्या पाद्र्यांच्या हातातसुद्धा टोपल्या. काकू मैदानाच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येक टोपली दोन्ही हातांनी घेत होत्या.

माटागीने आधी फलंदाजी केली, एकशे बारा धावा. मध्यंतर झालं आणि सुलुफाइगा कमरेवर हात ठेवून, निवाडा करायला बसलेल्या फिलिपोआजोबांसमोर उभी राहिली.

“आजोबा, नियम काय आहे? जेवू घालायचं यजमानांनी. हे सगळं तर पाहुण्यांनी आणलंय. सामना आमचा!”

सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. काकूंच्या हातातली टोपली तशीच राहिली. माझी निळी अक्षरं त्या क्षणी पांढरी पडली असतील.

फिलिपोआजोबा काठीवर रेलले. “सुलुफाइगा, तुझ्या मुलीच्या लग्नात मी चटई दिली होती. बारीक विणीची, माझ्या आईच्या हातची. आठवते?”

“हो.”

“कुणाची आहे ती?”

“माझी. म्हणजे... तुम्ही दिलीत ना मला.”

“मग आता ही टोपली कुणाची? दोन्ही हातांनी घेतलीय तिने. मी बघितलंय. बस आणि जेव.”

सगळं मैदान हसलं. मग लोक जेवायला बसले. आपलं पालुसामी दुसऱ्यापेक्षा सरस आहे हे सिद्ध करायचं तर दुसऱ्याचं चाखायला हवं, आणि चाखून ठरत नसेल तर आणखी चाखायला हवं. लेपालेच्या मुलींनी तर सगळ्या गावांची पालुसामी चाखली. कमी पडलं नाही, उलट उरलं.

जेवणानंतर त्या फलंदाजीला आल्या, त्या डुलत डुलतच. तरी सुलुफाइगाने एकटीने धावसंख्या एकशे दहावर नेली. शेवटची जोडी मैदानात. तिने चेंडू समुद्राच्या बाजूला हाणला आणि दोन धावा घ्यायला निघाली. पहिली झाली. दुसऱ्या धावेला ती अर्ध्या वाटेवर पोटाला हात लावून थांबली. तेवढ्यात आकेनेसेकाकूंनी, त्याच कुरकुरत्या गुडघ्यावर, धावत चेंडू उचलला आणि यष्टीवर मारला.

एका धावेने! काकू मैदानात बसून हमसून हमसून रडल्या. मग उठून नाचल्या. सुलुफाइगा त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, “तुझ्या नवऱ्याने हरवलं मला, तू नव्हे!” कुणाचं पालुसामी सरस, ते फिलिपोआजोबांनी अजून सांगितलेलं नाही. ते म्हणतात, त्यांना जिवंत राहायचंय.

सोमवारी काका रंगाचे डबे घेऊन शिडीवर चढले. मला वाटलं, आता मला पुसणार आणि माझ्या जागी ती येणार. पण त्यांनी आधी माझी सगळी अक्षरं नव्या निळ्या रंगाने गिरवली, अगदी कोपऱ्यापलीकडची अकरासुद्धा. मग माझ्या खाली, दाराच्या चौकटीवर, लाल रंगाने तिला लिहिलं. तिचं वर्षाला एकदा नूतनीकरण करावं लागतं. विसरलं तर ती बंद पडते. ती तारीख काकांनी स्वतः दाराशी टांगलेल्या चर्चच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

मत्सर गेला का? छे! लोक अजून तिच्याकडेच बघतात आणि माझ्या पोटात अजून दुखतं. पण कॅलेंडरचं पान उलटलं की मीही वरून डोकावून ती तारीख बघतो. ती बंद पडली तर माझ्या घरी येणार कोण?

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागतो. आखूड लिंकला बोट लावून खुशाल या, ती चांगली पोर आहे. पण आत शिरण्याआधी एकदा मान वर करा आणि मलाही वाचा. कोपऱ्यावरून वळून, शेवटपर्यंत. दोनदा श्वास घ्यावा लागला तरी चालेल.