अनेकवचनाचा धडा आणि तापीचे पाणी

मित्रांनो, मी स्पॅनिश व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. आधीच सांगून ठेवते, मी जन्माचे भित्रे आहे. छापखान्यात माझ्या कडा कापल्या तेव्हा जे घाबरले, ते आजतागायत. वाळवीला भिते, चहाच्या कपाला भिते, आणि पाण्याचे तर नावच काढू नका.

सुरतेत रद्दीच्या दुकानातून मला विजयाने घरी आणले. ती मराठी शाळेत शिकवायची. मुंबईच्या एका जहाज कंपनीला स्पॅनिश जाणणारी माणसे हवी होती, म्हणून ती परीक्षेला बसणार होती. रोज आंघोळीनंतर मला कपाळाला लावायची आणि मगच उघडायची. अनेकवचनाच्या धड्याने मात्र तिला रडकुंडीला आणले. नामाआधी लागणाऱ्या पुल्लिंगी 'एल'चे 'लोस' होते, स्त्रीलिंगी 'ला'चे 'लास'. नाम स्वराने संपले तर पुढे 'स' लावायचा, व्यंजनाने संपले तर 'एस'. ती घरभर घोकत फिरे, "ला कासा, लास कासास. ला फ्लोर, लास फ्लोरेस."

"कासा म्हणजे घर ना? मग ते घर म्हणावं, ती कशी?" तिची आई प्रमिलाबाई भाजी निवडता निवडता विचारी.

"त्यांच्यात 'ते' नाहीच, आई."

"मग एक कटकट कमी झाली की! रडतेस कशाला?"

अडुसष्ट सालच्या ऑगस्टात तापी गावात शिरली. उंबऱ्याशी आलेले पाणी बघता बघता खाटेवर चढले. मी फळीवर थरथरत होते. शेजारचा उखा मागावर काम करायचा. त्याने वरून कौले काढली आणि भोकातून हात खाली सोडला. प्रमिलाबाई टेबलावर चढल्या, पण त्यांचा हात वीतभर कमी पडला. विजयाने फळीवरचा जाड शब्दकोश टेबलावर ठेवला आणि त्यावर मला ठेवले.

प्रमिलाबाईंनी उचललेला पाय मागे घेतला.

"विद्येवर पाय? नाही गं बाई. मी इथेच बरी."

"माय, पानी वाढी ऱ्हायनं! हात दे माले!" उखा ओरडला.

पाणी विजयाच्या छातीशी आले. मला पायाची भीती वाटत होती, पण त्या म्हातारीच्या थांबण्याची त्याहून जास्त वाटू लागली. ठेवा हो पाय, असे मी आतून ओरडत होते. मला आवाज कुठला!

तेवढ्यात विजया टेबलावर चढली. तिने आपला ओला पाय माझ्या पुठ्ठ्यावर दाबून ठेवला.

"बघ, आई. मी ठेवला. पाप लागलं तर आधी मला लागेल. आता तू ठेव."

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले आणि पाय ठेवला. उखाने त्यांना ओढून घेतले, मागून विजयाला. मी पाण्यात पडले.

पूर ओसरल्यावर चिखलातून मला काढले तेव्हा माझे अर्धे धडे चिकटले होते. प्रमिलाबाईंनी एकेक पान सोडवून उन्हात वाळवले. विजयाने पुढच्या वर्षी त्याच डागाळलेल्या पानांवरून अभ्यास करून परीक्षा दिली आणि ती पास झाली.

मित्रांनो, पुस्तके जपा. ओल्या हाताने धरू नका, पाने दुमडू नका. पण घरात कधी पाणी चढले आणि आईचा हात वर पोहोचेना, तर आमची पूजा करत बसू नका. आम्हाला तिच्या पायाखाली द्या.